मांडीवरची अक्षरं

लुकांग,
नौकांच्या सणाच्या आदल्या आठवड्यात

प्रिय आ-लुआन,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते दारातच फाडलं असशील. घाबरू नकोस, बाप जिवंत आहे, घर जागेवर आहे, आणि कोणाशी भांडण करून मी पोलिसात गेलेलो नाही. आजकाल पत्र कोण लिहितं, असं तू म्हणशील. उभा जन्म पोस्टात काढलेल्या माणसाने लिहायचं नाही तर कोणी लिहायचं? आधीच सांगून ठेवतो, हे मी जसं सुचेल तसं लिहीत चाललोय. एखादी गोष्ट दोनदा आली, ओळ तिरकी गेली, मध्येच शब्द सुटला, तर लगेच लाल पेन काढू नकोस. मी तुझ्या वर्गातला नाही.

इकडचं सगळं ठीक. को काकाने नवी कवळी बसवली आहे, त्यामुळे त्याच्या बासरीत हल्ली सूर कमी आणि वारा जास्त. कोणी बोललं की म्हणतो, "वाराच तर वाजवायचा असतो!" उचलली जीभ लावली टाळ्याला, माझा हा दोस्त लहानपणापासून तसाच आहे. त्याच्या बायकोने सणासाठी पानात चिकट भात बांधायला घेतलाय, सगळी गल्ली त्या वाफेने भरून गेली आहे. शनिवार-रविवारी पर्यटक येतात, कालवांचं आम्लेट खात आमच्या गाण्याच्या मंडळाच्या दारात उभे राहतात आणि विचारतात, "आजोबा, गाणं कधी सुरू होणार?" अरे बाबांनो, सुरू होऊन अर्धा तास झाला! परवा बाजारात एक सायकलवाला उजवीकडून आला, तो मला दिसलाच नाही. कोपर सोललं. बाकी काही नाही.

तुझे निरोप फोनवर येतात. फोन टिंग करतो, तुझा फोटो दिसतो, खाली तू काहीबाही लिहिलेलं असतं. मी उत्तर देत नाही म्हणून तू को काकाला फोन करून विचारलंस, "बाबा अजून फुगून बसलेत का हो?" त्याने मला अगदी तुझ्याच आवाजात करून दाखवलं. तर ऐक, मी फुगलेलो नाही. नव्या वर्षात फुगलो होतो, चांगला बेडकासारखा, पण तो राग केव्हाच उतरला. गप्प राहण्याचं कारण वेगळं आहे. ते ओघात येईल, मला जरा धीर गोळा करू दे.

आधी तुझ्या लेकीबद्दल, मिन-रूबद्दल बोलू. नाव वाचूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, पण पत्र खाली ठेवू नकोस. ती चार वर्षांची असताना तुम्ही नव्या वर्षाला इथे आला होतात, आठवतं? मी मागच्या अंगणात मुळा किसत होतो आणि नेहमीसारखा गुणगुणत होतो. मध्येच मला शिंक आली. शिंकून नाक पुसेपर्यंत पुढची ओळ तिने धरली होती, आणि मी सूर जिथे सोडला होता बरोबर तिथेच. तुझी आई तेव्हा होती. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आता तुम्ही खुशाल मरा, वारस मिळाला!" आम्ही किती हसलो. त्यानंतर ती पोर जवळपास दर शनिवारी इथे यायची, तू सकाळच्या बसने आणायचीस आणि संध्याकाळी घेऊन जायचीस, आणि खरं सांगतो, तुझी आई गेल्यानंतर तो एक वार सोडला तर बाकीचे दिवस मी नुसते ढकलत होतो.

तुला हे गाणं कधी आवडलं नाही. तू लहानपणी म्हणायचीस, "बाबा, तुमच्या दोन ठोक्यांच्या मध्ये माझा गृहपाठ होतो." खरंच आहे, आमचा ताल म्हणजे गरम चहा निवेल इतका सावकाश. म्हणून तर आमच्यात गाणाराच मधोमध बसतो आणि पाच फळ्यांची चिपळी त्याच्याच हातात असते. माझा तारांचा पिपा, बासरी, बाकीची दोन तंतुवाद्यं, सगळी त्याच्या ठोक्याकडे पाहत चालतात. गाणाऱ्यासाठी दुसऱ्याने चिपळी धरायची नाही. हा नियम मी केलेला नाही, माझ्या गुरूंनीही केलेला नाही. आणि शिकवायची रीत अशी की गुरूने तोंडाने सांगायचं, शिष्याने ऐकून घ्यायचं आणि मांडीवर थाप देत ठोका मनात मुरवायचा. कागद शेवटी. मिन-रूने सगळं असंच घेतलं. जुन्या बोलीतले शब्द, ज्यांचा अर्थ मलासुद्धा अर्धाच कळतो, ते ती एकही न गाळता म्हणायची. थाप तेवढी मी द्यायचो, तिच्या गुडघ्यावर माझा हात ठेवून. मला वाटायचं, पोर लहान आहे, येईल हळूहळू.

मग शाळा आली. पहिलीत तू म्हणालीस, "बाबा, तिला अक्षरं जड जातायत." दुसरीत म्हणालीस, "लक्ष नाही." तिसरीत तू काही म्हणायचंच सोडून दिलंस, नुसती तिच्या श्रुतलेखनाच्या कागदावर पालक म्हणून सही करायचीस, आणि तो कागद दुसऱ्या दिवशी तुझ्याच शाळेत, तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंकडे जायचा. तुला तेव्हा काय वाटत असेल याचा मी विचार केला नव्हता, आता करतो. चुकलेलं प्रत्येक अक्षर ओळभर लिहायचं. तिचं पानच्या पान चुकलेलं, म्हणून ती पानच्या पान लिहायची. शनिवारी इथे आली की तिच्या मधल्या बोटाला पेन्सिलीचा घट्टा दिसायचा. लिहून झालेलं अक्षर सोमवारी पुन्हा अनोळखी. पालथ्या घड्यावर पाणी. तुझ्या सासूबाईंनी तर जेवताना सगळ्यांसमोर ऐकवलं, "शिक्षिकेच्या पोटी ढ पोर, आमच्या घराण्यात असं नव्हतं हो कोणी." तू हसून वाढत राहिलीस, हे मला तुझ्या नवऱ्याने, चेंग-यीने सांगितलं.

आणि आपण सगळ्यांनी मिळून एकच हिशेब मांडला. तू, मी, चेंग-यी, तिच्या बाई, कोणीही सुटलं नाही. जी पोर इतकी लांबलचक गाणी तोंडपाठ म्हणते, तिच्या डोक्यात खोट असेलच कशी? खोट नाही, मग अक्षरं का येत नाहीत? आळस! दुसरं काय? तिचं गाणंच तिच्यावर उलटलं बघ. ती बेसूर असती तर आपण केव्हाच कोणा डॉक्टरकडे गेलो असतो. सुरात होती म्हणून आळशी ठरली. मी तर जास्तच चिडायचो. लोकांची कोंबडीच्या पायासारखी अक्षरं वाचून मी पत्रं घरोघर पोचवली, माझ्या घरात वाचता न येणारं मूल? "मनात आणलं तर येईल तुला," हे वाक्य मी तिला किती वेळा म्हणालो असेन कोण जाणे. ती मान हलवायची. कधी उलट बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

गेल्या शरदातल्या पूजेची गोष्ट मी उगाळत बसणार नाही, पण ती टाळताही येत नाही. आमच्या वाद्यदेवाची पूजा, गावोगावची मंडळं येणार, आणि तू म्हणालीस, "बाबा, या वेळी मिन-रूला गाऊ द्या. सासूबाईंना घेऊन येते. एकदा तरी लोकांनी तिला टाळ्या वाजवलेल्या बघू देत." मी म्हणालो, तिच्या हातात चिपळी अजून बसलेली नाही, वर्षभर थांब. तुझा चेहरा इतका उतरला की मी हो म्हणालो. बापाने लेकीला हो म्हटलं, यात कोणाची चूक काढायची? आपलेच दात, आपलेच ओठ. निळा झगा घालून ती मधल्या खुर्चीवर बसली, पाय जमिनीला पोचत नव्हते. पहिली ओळ तिने अशी लावली की समोरच्या मंडळाचे म्हातारे सरसावून बसले. मग पहिला ठोका लवकर पडला. दुसरा पडलाच नाही. को काकाने तिच्यासाठी श्वास लांबवला, मी पिपावर हात थांबवला, सगळे तिच्यामागे गेलो, पण जायचं कुठे? ठोका कधी इकडे, कधी तिकडे. सूर मात्र एकदाही हलला नाही. ती मध्येच थांबली. कोणी हसलं नाही, तेच वाईट झालं. तिने चिपळी नीट पुसून ठेवली, देवाला वाकून नमस्कार केला आणि मागच्या दाराने निघून गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुझ्या सासूबाई परतीच्या वाटेवर काही बोलल्या का, हे मी अजून विचारलेलं नाही.

हिवाळ्यात तू तिला थायचुंगच्या रुग्णालयात नेलंस. ते तू केलंस, आमच्यापैकी कोणालाही सुचलं नव्हतं, हे मी आज कबूल करतो. मग तुझा फोन आला. तू रडत होतीस की ओरडत होतीस मला कळेना. "बाबा, तिला वाचनाचाच आजार आहे म्हणे, जन्मापासून. आणि तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी तिला टाळ्या वाजवायला लावल्या, ठोके ऐकवले, हे दोन सारखे की वेगळे विचारलं. तिला तेही येत नाही! सूर ओळखते, पण ताल नाही. झालं? वाचन नाही, गाणंही नाही. मग मी कशाला दर शनिवारी तिला बसमधून खेचत आणू?" मी काय करावं? माझ्या नातीला ताल नाही, हे मला कोण सांगणार, रुग्णालयातली कालची पोरगी? मी त्या बाईंना, रुग्णालयाला, तुला, सगळ्यांना बोललो आणि फोन आपटला. नव्या वर्षाला तुम्ही आला नाहीत. मी एकट्याने देवासमोर संत्री मांडली आणि एकट्यानेच खाल्ली. अशी आपली भांडणं, बाप-लेकीची. आवाज दोघांचा, आणि ज्या पोरीबद्दल भांडलो ती शेजारच्या खोलीत गप्प.

वसंतात, पितरांच्या सणाला चेंग-यी एकटाच आला, तुझ्या आईच्या थडग्यावरचं गवत काढायला. तुझा नवरा म्हणजे तीन वाक्यांत वर्ष काढणारा माणूस, पण त्या दिवशी बोलला. म्हणाला, मिन-रू आता गात नाही. अंघोळीलाही गुणगुणत नाही. रस्त्यातून देवाची मिरवणूक वाजतगाजत गेली की उठून खिडकी लावते. शाळा सुटल्यावर एक शिकवणी, शनिवारी दुसरी, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसभराचा वाचनाचा वर्ग लावायचा तू ठरवलं आहेस. आणखी एक सांगितलं त्याने. त्या टाळ्यांच्या बाई शेवटी असंही म्हणाल्या होत्या, की अशा बऱ्याच मुलांना ठोका पकडणं जड जातं, म्हणून गाणं तोडू नका, सावकाश चालू ठेवा, कदाचित वाचनालाही हातभार लागेल. कदाचित, खात्री नाही, असं म्हणाल्या. ते "कदाचित" तू मला सांगितलं नव्हतंस. मी रागावलो नाही गं. दिवसभर दुसऱ्यांची मुलं शिकवून घरी आलेल्या बाईला "कदाचित"वर एक अख्खा शनिवार घालवणं किती जड जात असेल. मीही फोन आपटून तुला ते सांगायची संधी दिली नव्हतीच की.

त्याच दिवशी थडग्यापाशी एक गोष्ट घडली, ती चेंग-यीला कळली नाही. गवत काढून झाल्यावर मी दगडासमोर उभा राहिलो आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. त्याला वाटलं सासरे रडतायत, म्हणून बिचारा पाणी आणायच्या निमित्ताने बाजूला गेला. मी रडत नव्हतो. मी तुझ्या आईचं नाव वाचायचा प्रयत्न करत होतो. ते नाव माझ्या हाताने कागदावर काढलेलं, त्यावरून पाथरवटाने कोरलेलं. आणि मला ते वाचता येत नव्हतं.

आता सांगतोच. त्याच्या आधी, नव्या वर्षाला लागून येणाऱ्या दिव्यांच्या सणानंतर, एका सकाळी उठलो, चहा केला, वर्तमानपत्र उघडलं, तर आत परक्या देशाची भाषा! काळी, नीट रांगेत लावलेली अक्षरं, आणि त्यातलं एकही ओळखीचं नाही. मी पेपरवाल्याला खिडकीतून शिव्या घातल्या. मग भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली, तीही परकी. औषधाची बाटली, चहाचा डबा, समोरच्या दुकानाची पाटी, सगळीकडे नुसत्या मुंग्या. को काकाने मला गाडीत घातलं आणि चांगव्हाच्या रुग्णालयात नेलं. डॉक्टर पोरगेलासाच, पण चांगला होता. त्याने कागद दिला, म्हणाला, नाव-पत्ता लिहा. मी लिहिला, पोस्टातल्या हाताने, झोकात. त्याने इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि तोच कागद पुढे धरला, "वाचा बघू." मी पाहिलं आणि म्हणालो, "कोणी लिहिलंय? अक्षर छान आहे." को काका मोठ्याने हसला. मग बाहेर जाऊन रडला. मेंदूच्या मागच्या बाजूला एक बारीक नस बंद झाली म्हणे. उजवीकडचं अर्धं दिसत नाही आणि वाचणं गेलं. लिहिणं राहिलं. बोलणं, ऐकणं, हात, पिपा, गाण्यातला शब्द न शब्द राहिला. असं होतं, क्वचित होतं, पण होतं, असं डॉक्टर म्हणाला. तुला सांगायचं नाही अशी मी को काकाला शपथ घातली होती, तेव्हा त्याच्यावर चिडू नकोस. तुझे निरोप सगळे फोनमध्ये आहेत. को काका म्हणाला, मी वाचून दाखवतो. मला नको वाटलं. लेकीने बापाला जे लिहिलं ते त्याच्या कवळीतून ऐकायचं?

तर थडग्यापाशी मी उभा होतो. चिडून दगडावर हात मारला आणि बोट कोरलेल्या खाचेत गेलं. सहज ते बोट मी खाचेतून फिरवलं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, अक्षर लिहिताना फिरतं तसं. आणि बोटातून ते अक्षर आलं. डोळ्यांना येईना, बोटाला आलं. मग दुसरं, मग तिसरं. तुझ्या आईचं पूर्ण नाव. तेव्हा मात्र मी रडलो. तेव्हापासून हेच करतो. पाटी दिसली की तिच्यातल्या रेघा पाहत मांडीवर बोटाने गिरवतो, एकेक रेघ, आणि कधी येतं, कधी येत नाही. एक पाटी वाचायला घामाघूम होतो. गेल्या आठवड्यात मंडळात बसल्या बसल्या गिरवत होतो तर को काका म्हणाला, "काय रे, नातीसारखा मांडी खाजवत काय बसलास?"

आ-लुआन, ते ऐकून माझा हात थांबला. तुला माहीत नसेल, मिन-रूची ती खोड होती. गाताना तिचं बोट मांडीवर सारखं वळवळायचं, आणि मी ते दाबून धरायचो. "थाप दे, थाप! मांडी तालासाठी असते!" मला वाटायचं चाळा आहे. अगं, ती गाण्यातले शब्द मांडीवर गिरवत होती. मी तोंडाने सांगितलेली अक्षरं ती बोटाने धरून ठेवायला बघत होती, शाळेत जी निसटत होती तीच. सूर मी द्यायचो, अक्षरं ती स्वतःच शोधायची, आणि या सगळ्यात ठोका धरायला हात उरायचाच नाही. मी तिला "का येत नाही?" असं शंभरदा विचारलं असेल. "पानावर तुला दिसतं तरी काय?" असं एकदाही विचारलं नाही. इतके शनिवार ती माझ्या मांडीला मांडी लावून बसली, सांगितलंही असतं तिने. याची खंत इतकी आहे की रात्री झोप लागत नाही म्हणण्यापेक्षा दिवसा जेवण जात नाही म्हणतो, कारण झोप मला लागते, म्हातारा आहे. डॉक्टरला मी हे सांगितलं, तर तो समजावणीने म्हणाला, "आजोबा, तुमचं आणि नातीचं एक नाही. तुमचं होतं ते गेलं, तिला मुळापासूनच ते अवघड आहे." असेल. तो शिकलेला आहे. पण पानासमोर बसल्यावर जी लाज वाटते ती वेगवेगळी कशी असेल? मला तर या वयात, कोणी बघत नसताना वाटते. तिला वर्गात, सगळ्यांसमोर, तिसरीत.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. को काका म्हणत होता, फोन कर आणि मोकळा हो. पण फोनवर तू डॉक्टर, औषधं, मी आत्ता निघते, हेच करत बसली असतीस आणि पोरीचं राहून गेलं असतं. मी बरा आहे, धावत येऊ नकोस. शिवाय एक गोष्ट तुझ्या हातात ठेवायची होती. एवढी पानं मी लिहिली, आणि आत्ता त्यातलं एक उचलून पाहिलं तर एक ओळही मला वाचता येत नाही. तू शिक्षिका आहेस, हे कागद तुला माझ्यापेक्षा जास्त सांगतील. सुट्टीतला वर्ग लावायचा तर लाव, आई तू आहेस. तिला इथे पाठवलीस तर मी तिला पुन्हा कोणासमोर बसवणार नाही; ती, मी आणि पिपा, एवढेच, आणि बोट जिथे फिरेल तिथे फिरू दे. नाही पाठवलीस तरी समजेन. पण एवढं माझ्यासाठी कर. एकदा तिला जवळ घेऊन बस, बाई म्हणून नाही, आई म्हणून, आणि तिला सांग की आजोबाला वाचता येत नाही. तो सकाळपासून बसतो, मनात आणतो, घाम फुटेपर्यंत बघत राहतो, तरी येत नाही. आणि सांग की आजोबा आळशी नाही.

तुझाच,
बाबा